प्रोसेसर शेवटी निवडा

घरातला कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "प्रोसेसर जुना झालाय." दुसरंही ठरलेलंच, "आता नवीनच घेऊन टाकू." या दोन वाक्यांच्या मध्ये घरातले पंधरा-वीस हजार रुपये उभे असतात. ते नीट कारणी लागावेत, एवढ्यासाठी आजचा हा लेख.

माझी ताई बडोद्याला असते. शिकवण्या घेते, सोसायटीचे हिशेबही तीच ठेवते. तिचा कॉम्प्युटर २०१४ मध्ये जोडून घेतलेला. आत कोअर आय३-४१३० प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. २०२४ च्या जूनमध्ये भाचा कॉलेजात गेला, प्रोग्रॅमिंग शिकायला लागला आणि त्याच आठवड्यात मला फोन आला.

"मामा, तू आईला सांग ना. आय७ घेऊ दे म्हणावं."

मागून ताईचा आवाज आला, "माझ्याकडे वीस हजार आहेत. त्यात काय बसतं ते सांग. सगळ्यात चांगलं कोणतं, ते नको सांगूस."

ताईच्या सावधपणाचं कारण मला ठाऊक होतं. ते कारण मीच होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आमच्या घरचा कॉम्प्युटर असाच नवा केला होता. सगळे पैसे प्रोसेसर आणि मदरबोर्डवर घातले आणि कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला एसएमपीएस तसाच ठेवला. एका संध्याकाळी लाइट जाऊन परत आले, जळका वास आला आणि कॉम्प्युटर बंद पडला. एसएमपीएस जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. मदरबोर्ड पुन्हा विकत आणता आला. हार्ड डिस्कवर बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांचे फोटो होते. ते दुसरीकडे कुठेही नव्हते.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला आहे. आधी घरातल्या फोटोंची आणि कागदपत्रांची दुसरी प्रत, मग दुखणं नेमकं कुठे आहे याचा शोध, मग बाकीचे भाग आणि सगळ्यात शेवटी प्रोसेसर. ताईकडेही आम्ही याच क्रमाने गेलो. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

आधी दुखणं कुठे ते बघा

यासाठी एक रुपयाही लागत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. आता नेहमीचं काम करा. ब्राउझरमध्ये पाच-सहा पानं उघडा, एक्सेलची फाइल उघडा, आणि आलेखांकडे लक्ष ठेवा.

सीपीयू बराच वेळ शंभर टक्क्यांच्या आसपास राहत असेल, तर प्रोसेसर खरोखर थकलेला आहे. मेमरी नव्वदच्या वर चिकटून बसली असेल, तर रॅम कमी पडते आहे. डिस्क शंभरावर आणि सीपीयू मात्र वीस-तीसवर असेल, तर प्रोसेसर बिचारा रिकामा बसून वाट बघतो आहे.

भाच्याने हे करून मला स्क्रीनचा फोटो पाठवला. डिस्क शंभर टक्के, मेमरी ब्याण्णव, सीपीयू सत्तावीस. ज्याला तो म्हातारा म्हणत होता, तोच सगळ्यात कमी दमलेला होता.

ताईला मी हे स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितलं. प्रोसेसर म्हणजे पोळ्या लाटणारी बाई, रॅम म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. बाई कितीही चपळ असली तरी प्रत्येक पोळीला पीठ माळ्यावरून काढायचं असेल, तर पंगत उपाशीच राहणार. ओटा लहान असेल तर माळ्यावरच्या खेपा आणखी वाढतात. रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर ठेवतं आणि लागलं की परत आणतं. म्हणून ताईकडे मेमरी आणि डिस्क दोन्ही एकदम भरलेल्या दिसत होत्या.

सोबत येणारं आणि मागे राहणारं

वीस हजारांत सगळं एकदम होत नसेल तर टप्पे पाडावेत. पण कोणता भाग पहिल्या टप्प्यात घ्यायचा? माझा नियम साधा आहे. भाड्याचं घर सोडताना आपण पंखे-कपाटं सोबत नेतो, भिंतीत बसवलेलं तिथेच राहतं. तसंच इथेही बघायचं.

एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस हे पुढच्या मदरबोर्डलाही चालतात. यांच्यावर आज घातलेला पैसा उद्या वाया जात नाही. मागे राहतात ते प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम. या तिघांनी एकमेकांचे हात धरलेले असतात. प्रोसेसरची पिढी बदलली की बऱ्याचदा सॉकेट बदलतं, सॉकेट बदललं की मदरबोर्ड बदलतो आणि मदरबोर्ड बदलला की बऱ्याचदा रॅमही. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकाची पट्टी दुसऱ्यात बसतच नाही. बसवायची जबरदस्ती करू नका.

म्हणून ताईकडे पहिल्या टप्प्यात आम्ही जुना प्रोसेसर तसाच ठेवला. ५०० जीबीची साटा एसएसडी घेतली, बरा एसएमपीएस घेतला आणि दुकानदाराकडून ४ जीबीची जुनी डीडीआर३ पट्टी थोडक्या पैशांत मिळवली. डीडीआर३ पुढे उपयोगी पडणार नव्हती, म्हणून तिथे हात आखडता ठेवला. आतली धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल बदलला. तो सेल संपला की कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडतं, तारीख चुकते आणि मग चांगल्या वेबसाइटही सुरक्षित नाहीत असा इशारा येतो. ताईच्या बँकेचं पान अधूनमधून उघडत नव्हतं, त्याचं कारण एवढंच होतं.

वीस हजारांतले निम्मेही संपले नाहीत. सुरू व्हायला चार मिनिटं घेणारा कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू व्हायला लागला. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते आणि माहिती शोधायला सुईसारखा हात पुढे-मागे हलत राहतो. एसएसडीमध्ये हलणारं काहीच नसतं. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत वाचू शकते. एनव्हीएमई प्रकारची याच्या कितीतरी पट वेगवान असते, पण तिला मदरबोर्डवर एम डॉट टू ही खास जागा लागते आणि २०१४ च्या स्वस्त बोर्डांवर ती नसते. घरच्या कामात हार्ड डिस्क ते एसएसडी हा फरक डोळ्यांना दिसतो. साटा ते एनव्हीएमई हा फरक मोठ्या फाइली हलवतानाच जाणवतो.

लॅपटॉपवाल्यांनीही इथवरचं वाचून घ्या. लॅपटॉपचा प्रोसेसर बहुतेक वेळा बोर्डाला कायमचा जोडलेला असतो, तो बदलता येत नाही. पण एसएसडी आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बदलता येते. तुमचा इलाज तेवढाच, आणि अनेकदा तेवढा पुरतो.

नावातल्या सातला भुलू नका

पहिल्या टप्प्यानंतर भाचा दोन महिने खूश होता. मग त्याने बाजारात जुना कोअर आय७-४७७० शोधून काढला. तो ताईच्या मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये बसणारा होता. "मामा, आय३ चा डायरेक्ट आय७!"

इथे खूप जण फसतात. आय३, आय५, आय७ ही त्या-त्या पिढीतली पायरी आहे. पिढी पुढच्या आकड्यात असते. आय७-४७७० म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालची. आय३-१२१०० म्हणजे बारावी पिढी, २०२२ च्या जानेवारीतली. दोघांनाही ४ कोअर आणि ८ थ्रेड आहेत. पण नवा आय३ तेच काम बऱ्याच कमी वेळात उरकतो. त्याची मूळ वीजमर्यादा ६० वॉट आहे, जुन्या आय७ ची ८४ वॉट. नावात तीन असूनही तो सातच्या पुढे आहे.

शिवाय प्रश्न विंडोजचा होता. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीचे रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर, तसंच टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. चौथ्या पिढीचा आय७ त्या यादीत नाही. म्हणजे जुन्या बोर्डासाठी घेतलेला महागडा प्रोसेसर थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच भिंतीला धडकला असता. ज्यांना एवढ्यात मदरबोर्ड बदलणं परवडणार नाही, त्यांनी अशा कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकून बघायला हरकत नाही. ब्राउझर, पत्रं, हिशेब, व्हिडिओ एवढं काम त्यावर होतं. मात्र टॅलीसारखं विंडोजचंच सॉफ्टवेअर रोज लागत असेल तर आधी नीट चौकशी करा.

नावाच्या शेवटचं अक्षरही वाचा. इंटेलमध्ये एफ असेल, म्हणजे आय३-१२१००एफ, तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय चालू नसते. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय मॉनिटरवर काहीच दिसत नाही. तो थोडा स्वस्त म्हणून घेतला आणि घरी आणून काळा पडदा बघत बसले, अशी माणसं मी पाहिली आहेत. एएमडीमध्ये रायझन ५ ५६००जी या नावातल्या जीचा अर्थ ग्राफिक्स आत आहे. नुसता ५६०० असेल तर नाही. इंटेलच्या के अक्षराचे प्रोसेसर वेग वाढवून खेळणाऱ्यांसाठी असतात. बजेट बघून चालणाऱ्या घराला त्यांची गरज नाही.

प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकत्र मोजा

दुसरा टप्पा आम्ही २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला. पहिल्या वेळचे उरलेले पैसे होते आणि ताईने वर्षभर शिकवणीतून थोडे-थोडे बाजूला टाकले होते. यावेळी मी भाच्याला एकही नाव सांगितलं नाही. कागदावर तीन रकाने पाडायला लावले. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम. बेरीज तिन्हींची मिळूनच करायची.

त्याच्यापुढे दोन जोड्या उरल्या. एकीत आय३-१२१०० आणि ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या. दुसरीत रायझन ५ ५६००जी, पण रॅम ८ जीबीची एकच पट्टी. ५६००जीला ६ कोअर आहेत आणि त्याचं आतलं ग्राफिक्सही आय३ पेक्षा बरं आहे. गेम खेळायचे तर मन तिकडेच ओढणार. पण आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, ते आपल्याच रॅममधून जागा घेतं. एकच पट्टी असेल तर त्याला अर्धाच रस्ता मिळतो, दोन सारख्या पट्ट्या दोन मार्गांनी काम करतात. म्हणजे एका पट्टीवर ५६००जी घेणं म्हणजे बैल घेऊन अर्धी वैरण घालण्यासारखं.

भाच्याने दोन दिवस विचार केला आणि स्वतःच आय३ वर खूण केली. "आईच्या वर्गाच्या वेळी ब्राउझर आणि माझं कोडिंग दोन्ही उघडं असतं. १६ जीबी जास्त लागेल." गेमचं दुःख त्याने बोलून दाखवलं नाही, पण ते होतं. हीच निवड तुमच्या घरी उलटी होऊ शकते, आणि तीही बरोबर असेल. काम कोणतं ते ठरलं की प्रोसेसरचं नाव आपोआप समोर येतं.

पुढच्या वाढीचा विचार करायचा असेल तर सॉकेटकडे बघा. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये २०१७ चे पहिले रायझन बसले आणि २०२४ मध्येही त्यासाठी नवे प्रोसेसर आले. तुमच्याकडे जुना एएम४ बोर्ड असेल, तर कदाचित बायोस अपडेट करून फक्त प्रोसेसर बदलून भागेल. त्या बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते, ती आधी वाचा. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये १२, १३ आणि १४ अशा तीन पिढ्या बसतात. एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं. त्याचं आयुष्य पुढे बाकी आहे, पण त्याला फक्त डीडीआर५ रॅम चालते.

ही गोष्ट आत्ता फार महत्त्वाची आहे. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव एकदम चढले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा मोठा माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे वळला. आमचा दुसरा टप्पा त्याआधी झाला, ही आमची हुशारी नव्हे, नशीब. तुमच्याकडे चांगली डीडीआर४ रॅम असेल तर आज तीच तुमची ठेव समजा. तिच्यासाठी एएम४ बोर्ड किंवा डीडीआर४ घेणारा एलजीए १७०० बोर्ड शोधा. एलजीए १७०० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारचे येतात, म्हणून खोक्यावर नीट वाचून घ्या. अशा काळात रॅमच तुमचा प्रोसेसर ठरवते.

आणखी एक लपलेला खर्च म्हणजे विंडोजचा परवाना. कॉम्प्युटरसोबत आलेला ओईएम परवाना त्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो. बोर्ड बदलला की तो साधारणपणे चालत नाही. वेगळा विकत घेतलेला रिटेल परवाना मात्र नव्या बोर्डावर नेता येतो. तुमचा कोणता ते आधी बघा आणि बेरजेत धरा.

एसएमपीएसवरचा कागद वाचा

स्वस्त एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं असतं. त्याकडे बघू नका. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. तिथे १६ असेल तर १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच वाटेने वीज घेतात. ८० प्लसची खूण असेल तर किमान त्या एसएमपीएसची तपासणी झालेली असते. त्या खुणेचा अर्थ २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के वीज कामी येते. लाइट वारंवार जाणाऱ्या गावात यूपीएसही चैन नाही.

मोठ्या कंपनीचा तयार कॉम्प्युटर असेल तर मदरबोर्ड आणि एसएमपीएस बऱ्याचदा त्या कंपनीच्याच मापाचे असतात. बाजारातले त्यात बसतीलच असं नाही. झाकण उघडून आधी माप बघा.

दुकानात जाण्याआधी

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचं नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एस. पी. रोड की चेन्नईची रिची स्ट्रीट, दुकानात "चांगला कॉम्प्युटर दाखवा" म्हटलं की विक्रेता त्याच्याकडे पडून असलेला माल दाखवणार. त्यात त्याचा दोष नाही. आपण काय हवं ते सांगितलेलंच नसतं. म्हणून मोबाइलमध्ये आधी हे जमवा.

– टास्क मॅनेजरमधल्या सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तिन्ही पानांचे फोटो. मेमरीच्या पानावर रॅमच्या किती जागा भरल्या आहेत तेही दिसतं.

– स्टार्टमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन शोधून त्यातल्या बेसबोर्ड प्रॉडक्ट या ओळीचा फोटो. ते तुमच्या मदरबोर्डाचं नाव.

– कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, झाकण उघडून आतल्या भागांचा आणि एसएमपीएसच्या तक्त्याचा फोटो.

– रोज होणारी तीन कामं एका ओळीत लिहिलेली, आणि त्याखाली बजेट.

बिल जीएसटीचंच घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. खोक्यातल्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरना ३ वर्षांची वॉरंटी असते. खोक्याविना सुटा मिळणारा थोडा स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी बहुधा दुकानदारावर अवलंबून राहते. तुमचे जुने भाग परत मागून घ्या. ताईची जुनी हार्ड डिस्क आता त्याच कॅबिनेटमध्ये दुसऱ्या डिस्कचं काम करते, पण तिच्यावर एकटीवर काही ठेवलेलं नाही.

कारण पहिल्या टप्प्याच्या आदल्या संध्याकाळी, स्क्रू काढण्याआधी, आम्ही एकच काम केलं होतं. ताईच्या हिशेबाच्या फाइली, भाच्याच्या लहानपणाचे फोटो, सगळं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवलं आणि निवडक गोष्टी ऑनलाइनही ठेवल्या. तीन तास लागले. भाचा कंटाळून म्हणाला, "मामा, प्रोसेसरचं कधी बघायचं?" ताईने माझ्याकडे बघितलं आणि त्याला म्हणाली, "शेवटी."

भाच्याकडे आजही आय७ नाही. त्याबद्दल तो अधूनमधून कुरकुरतो. पण परवा त्याच्या मित्राच्या घरी कॉम्प्युटर अडकायला लागला, तेव्हा मित्र नव्या प्रोसेसरचं नाव शोधत होता आणि याने आधी तीन बटणं दाबली.

या रविवारी तुम्हीही दाबून बघा. त्याच्याही आधी फोटोंची एक प्रत दुसरीकडे ठेवा.